मिठाबाहेरचे हात

पत्र्याच्या पेटीतून नऊ वस्तू निघाल्या. लग्नातलं लुगडं, घडीवर गंजाचा डाग पडलेलं. म्हातारीच्या चष्म्याची डबी, चष्म्याविना. एक कुलूप, ज्याची किल्ली हरवली होती, आणि दोन किल्ल्या, ज्यांची कुलपं हरवली होती. दगड झालेली साबणाची वडी. लग्न होऊन गेलेल्या लेकीची तान्हेपणीची टोपी. सेल सडलेली बॅटरी. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं सरकारी विम्याचं कार्ड.

उधाणाचं पाणी बांध फोडून झोपडीत शिरलं, तेव्हा पेटी खाटेखाली होती. नंतरही कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी बांध, मग मिठाचे वाफे, मग चूल, आणि मग उरलासुरला संसार, असा मिठागरावरचा क्रम होता. म्हातारीच्या सुनेनं, थोरलीनं, दातानं पिशवीची गाठ सोडली आणि कार्ड उजेडात धरलं. कडेनं प्लास्टिक सुटलं होतं. आत शिरलेलं पाणी वाळून गेलं होतं आणि जाताना मिठाचे बारीक चौकोनी दाणे मागे ठेवून गेलं होतं. फोटोतल्या थोरलीचं कपाळ आणि एक कान एवढंच शिल्लक होतं. नंबराचे पहिले पाच आकडे वाचता येत होते. मशीनला दाखवायचा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन सगळा मिळून राखाडी झाला होता.

"बघू," म्हणून नवऱ्यानं हात पुढे केला. त्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "फोटो आधीपेक्षा बरा आलाय."

थोरली हसली नाही. तिचं लक्ष त्याच्या दुसऱ्या हाताकडे होतं. तो हात लुंगीवरून जांघेत दाबलेला होता. हल्ली तो हसायचा असला, खोकायचा असला, की आधी तो हात तिथं जायचा.

मिठागरावर त्याला सगळे पैलवान म्हणत. अंगानं काठीसारखा, पण भरली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून असा चालायचा की पाटीतला खडासुद्धा खाली पडायचा नाही. गेल्या हंगामात जांघेत लिंबाएवढा गोळा दिसला. झोपला की आत जायचा, उभा राहिला की बाहेर यायचा. या हंगामात लिंबाचं संत्रं झालं. मोठ्या गावातल्या इस्पितळातल्या सर्जननं तपासून सांगितलं की हा अंतर्गळ आहे. आत जातोय तोवर ठीक, एखाद्या दिवशी बाहेर अडकला तर आतडं मरेल आणि मग माणूसही. येत्या बुधवारची तारीख दिली, ओझं वाहायचं नाही अशी ताकीद दिली, आणि पैसे लागणार नाहीत, फक्त कार्ड आणा, म्हणून टेबलावरच्या माणसानं सांगितलं.

कार्ड थोरलीच्या नावावर होतं. योजनेची माणसं मिठागरावर आली होती तेव्हा त्यांनी प्रत्येक घरातली बाई कुटुंबप्रमुख म्हणून लिहिली होती. तेव्हा सगळ्यांना त्याचं हसू आलं होतं. पैलवान महिनाभर तिला "प्रमुखसाहेब, जेवायला वाढा" म्हणत होता.

"सेवा केंद्रात दुसरं काढून देतात," म्हातारी चुलीपाशी बसून म्हणाली. ती पैलवानाची आई. "टाचा घासून जा. कचेरीतली माणसं आधी पाय बघतात."

थोरलीनं टाचा घासल्या. मग हात घासले. मिठागरावर काहीही स्वच्छ करायचं तर मिठानंच करतात. भांडी, दात, जखम, सगळं. तिनं मूठभर खडे मीठ घेतलं आणि दोन्ही हात, बोटांच्या पेरांसकट, लाल होईतो चोळले. मशीनवर बोट ठेवायचं असतं हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याचं महागाचं यंत्र आपल्या हातानं मळायला नको, एवढाच तिचा विचार होता.

*

सेवा केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेली एक खोली. आत एक टेबल, एक पंखा, छपाईचं यंत्र आणि काळ्या डबीसारखं ठशाचं मशीन. ते चालवणाऱ्या बाईला सगळे केंद्रवाली म्हणत. तिशीची असावी. ती बोलताना समोर पाहायची नाही, पडद्याकडे पाहायची. त्यामुळे माणसाला वाटायचं की आपली विचारपूस पडदाच करतोय.

तिनं जुनं कार्ड पाहिलं, फोटोतल्या कानाकडे पाहिलं, मग थोरलीच्या कानाकडे पाहिलं, आणि म्हणाली, कार्डाला जोडलेल्या फोनवर आकडे येतील ते सांगा. थोरलीला पाठ असलेला नंबर तिनं सांगितला. तो जुन्या मुकादमाचा होता. योजनेची माणसं आली तेव्हा मिठागरावर फोन त्याच्या एकट्याकडे होता, म्हणून सगळ्या झोपड्यांनी त्याचाच नंबर दिला होता. नंतर मुकादम काम सोडून गेला आणि नंबरही सोडून गेला. केंद्रवालीनं तरी लावून पाहिला. एका बाईनं उचलला. तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. ती म्हणाली, मिठाचं काही असेल तर मला माहीत नाही, रोज कोणी ना कोणी तुमच्यासारखं आकडे मागत असतं, मी ते पुसून टाकते.

"मग अंगठा," केंद्रवाली म्हणाली.

थोरलीनं अंगठा ठेवला. मशीनखाली लाल दिवा लागला. पडद्यावर एक पट्टी थोडी भरली आणि थांबली. केंद्रवालीनं तिचा अंगठा फडक्यानं पुसून पुन्हा ठेवायला लावला, मग दाबून, मग हलका, मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. दिवा लालच राहिला. मागे रांग वाढली. कोणीतरी म्हणालं की बाईला चहा तरी पाजा, मुक्काम दिसतोय. थोरलीच्या मानेवर घाम आला. आपण काहीतरी चोरून आणलंय आणि ते पकडलं गेलंय, तसं तिला वाटायला लागलं.

केंद्रवालीनं पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. तिचा हात उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला.

"हात कशानं धुतलेत?"

"मिठानं."

"मिठानं?"

"स्वच्छ व्हावेत म्हणून. तुमचं मशीन खराब व्हायला नको."

केंद्रवालीनं हसू गिळलं, पण ते तिच्या गालात दिसलं. "बाई, पातेलं घासावं तशी बोटं घासून आणलीत. आता त्यावर रेषा कुठून शोधू मी?" मग तिचा आवाज उतरला. मिठागरावरच्या लोकांचे ठसे तसेही अर्धेच येतात, ती म्हणाली. खारं पाणी कातडी खातं. डोळ्यांवरून ओळखणारं मशीन मोठ्या कचेरीत आहे, ते दुरुस्तीला गेलंय. एकच उपाय. हात मिठाला लावायचे नाहीत. गोड्या पाण्यानं धुवायचे, तेल लावायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. कातडी भरून येते, रेषा वर येतात. मंगळवारी या.

"हंगाम संपत आलाय. वाफे भरलेत," थोरली म्हणाली.

"मीठ काढा, नाहीतर ठसा काढा. दोन्ही एकाच हातानं व्हायचं नाही."

*

त्यांच्याकडे आठ वाफे होते. आठही पिकले होते. पाण्याखाली मीठ बसलं होतं, पाय ठेवला की काचेसारखं करकरायचं. आकाशात दुपारनंतर ढग गोळा व्हायचे आणि संध्याकाळी पांगायचे. ते एक दिवस पांगणार नाहीत हे मिठागरावरच्या लहान मुलालाही कळत होतं. एका सरीनं वाफा परत पाणी होतो.

मुकादम सायकल बांधाला टेकवून आला. हा नवा मुकादम, पोटानं सुटलेला, स्वभावानं वाईट नव्हता. फडक्यात गुंडाळलेले तिचे हात पाहून त्यानं आधी विचारलं, भाजलं का. मग सगळं ऐकून घेतलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"वहिनी, माझ्या घरचं कार्ड असतं तर मीही असाच बसलो असतो. पण मलाही माझ्या मुकादमानं हेच सांगितलं असतं. मंगळवारपर्यंत आठ वाफे राशीवर आले नाहीत तर दुसरी जोडी लावतो. पुढच्या हंगामाचीही हमी नाही."

"दुसरी जोडी लावायची गरज नाही," पैलवान झोपडीतून म्हणाला. तो आडवा पडला होता. हात नेहमीच्या जागी होता.

पहिल्या दिवशी थोरली हात मांडीवर घेऊन झोपडीच्या दारात बसली. आयुष्यात ती दिवसाउजेडी कधी अशी बसली नव्हती. शेजारच्या वाफ्यातल्या बायका जाता-येता विचारत, थोरली, अंडी उबवतेस का गं? पिल्लं निघाली की एक आम्हाला दे. ती हसून घ्यायची. पण तेल जिरलेली बोटं फडक्यात गरम व्हायची, खाजायची, आणि समोर म्हातारी दाताळं घेऊन वाफ्यात उतरलेली दिसायची. सत्तरी ओलांडलेली बाई, घोटाभर खाऱ्या पाण्यात वाकून, दाताळं दोन हात लांब टाकायची आणि हातभर ओढायची. तिनं ओढलेल्या मिठाची रेघ वाकडी जायची. तरी ती थांबायची नाही.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, मनगटावर सुतळी आवळली आणि दाताळं उचललं. अर्धा वाफा ओढून होईतो पिशवीला भोक पडलं. म्हातारीनं येऊन दाताळं तिच्या हातून हिसकावलं.

"मी माझ्या पोराला कमरेवर बांधून हे वाफे ओढलेत. मला म्हातारी समजू नकोस. जा, हात धू."

"गोडं पाणी पिण्यापुरतंच आहे, आई."

"मग मी पिणार नाही. जा."

तिनं पिंपातलं तांब्याभर पाणी घेऊन हात धुतले. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली पातेलं धरलं आणि तेच पाणी संध्याकाळी पुन्हा वापरलं. जेवताना पैलवानानं तिला घास भरवले. कालवणात मीठ असतं आणि बोटं कालवणात जातात, म्हणून. तो घास मोठा करायचा, तिचा गाल फुगायचा, आणि तो म्हणायचा, प्रमुखसाहेबांचं पोट भरलं का? म्हातारी भिंतीकडे तोंड करून जेवायची. त्या दोघांना तिचा खांदा हसताना हललेला दिसायचा.

अडचण ओढण्याची नव्हती. मीठ ओढून वाफ्याच्या कडेला येत होतं, ते उंच राशीवर न्यायचं कोणी? बांधापासून राशीपर्यंत पाट्या वाहाव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ढग लवकर आले, तशी थोरली उठली. वाहायला हात लागत नाहीत, डोकं लागतं. तिनं चुंबळ ठेवली, फडक्यातले हात दोन्ही बाजूंना उचलून धरले आणि म्हणाली, चढवा.

म्हातारीनं पाटी भरली, पण भरलेली पाटी तिला कमरेच्या वर नेता येईना. ती तिथवर न्यायची, थरथरायची, खाली ठेवायची. पाटी चढवायला समोरासमोर दोघं लागतात, आणि त्यातला एक उंच लागतो. पैलवान झोपडीतून बाहेर आला.

"तुम्ही नाही," थोरली म्हणाली.

"डॉक्टर म्हणाला, ओझं वाहायचं नाही. मी वाहतोय का? चढवून देतोय."

मिठागरावर ही दोन कामं खरंच वेगळी. वाहणाऱ्याची मजुरी वेगळी, चढवणाऱ्याची वेगळी, आणि चढवण्याचं काम आजारातून उठलेल्यांना, म्हाताऱ्यांना देतात, कारण ते हलकं समजतात. आयुष्यभर पाटी वाहिलेल्या माणसाला क्षणभर पाटी उचलणं हे काम वाटतच नाही. थोरलीलाही वाटलं नाही. म्हातारीलाही नाही. तिघांनीही ते मान्य केलं, आणि मान्य करताना तिघांनाही जरा सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर थोरली दिवसभर बांधावरून चालत राहिली. पाटीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं, तिथं आग व्हायची. हात दोन्हीकडे वर धरलेले, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखे. बायकांनी आता पिल्लांची चौकशी थांबवली होती. उतारावर हात मोकळे नसल्यानं तोल जायचा, तेव्हा कोणीतरी पुढे होऊन न बोलता तिचा दंड धरायची आणि सपाटीवर सोडायची. दर खेपेला ती परत आली की पैलवान पाय फाकवून वाकायचा, श्वास धरायचा आणि पाटी तिच्या डोक्यावर ठेवायचा. मग हात जांघेत. ती वळेपर्यंत तो हसत असायचा.

एकदा राशीवर मीठ ओतून ती नेहमीपेक्षा लवकर परतली. तो बांधाच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन निजला होता आणि दोन्ही हातांनी गोळा आत लोटत होता. डोळे मिटलेले, ओठ आत घेतलेले. थोरली तशीच उभी राहिली. गोळा आत गेला. त्यानं डोळे उघडले.

"गेला ना आत?" तो म्हणाला. "जातोय तोवर ठीक, असं तुझ्यासमोरच म्हणालाय डॉक्टर."

"आता बास."

"तीन वाफे राहिलेत."

तिनं वाफ्यांकडे पाहिलं, ढगांकडे पाहिलं, आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. त्यानं पाटी चढवली.

*

मंगळवारी पहाटे एकच वाफा उरला होता, तोही अर्धा. ढग रात्रभर पांगले नव्हते. थोरली उजाडताच सेवा केंद्राकडे निघणार होती; पण मिठाचा ट्रक तसाही तासाभरात सुटणार, त्यावरच बसून जाईन, तोवर चार खेपा होतील, असं तिनं ठरवलं. तिसऱ्या पाटीला पैलवान वाकला आणि उठलाच नाही. पाटी एका कुशीवर कलंडली. मीठ तिच्या पावलांवर सांडलं.

तो हळूच बसला, मग आडवा झाला. म्हातारीनं लुंगी बाजूला केली. गोळा संत्र्याहून मोठा होता आणि त्यावरची कातडी ताणून चकचकीत झाली होती. म्हातारीनं तेल घेतलं आणि बोटांनी तो हळूहळू आत दाबायला लागली. थोरली आपले हात छातीशी धरून बघत राहिली. खाली मीठच मीठ सांडलं होतं. गोळा हलला नाही. दगडासारखा होता. पैलवानाला उलटी झाली, पहिली कालच्या जेवणाची, दुसरी हिरवी.

"अडकला," म्हातारी म्हणाली. तिनं हात लुगड्याला पुसले.

ट्रकवाल्यानं पोत्यांवर ताडपत्री टाकली, चौघांनी पैलवानाला वर चढवलं. म्हातारी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी खड्ड्यात गेली की तो दात आवळायचा. थोरली फळीला कोपर अडकवून उभी होती. तिचे हात फडक्यातच होते.

"तू केंद्रापाशी उतर," पैलवान म्हणाला.

"तुम्हाला सोडून?"

"तू येऊन काय करणार? कापणारेस का? कार्ड घेऊन ये."

ट्रक सायकलच्या दुकानासमोर थांबला आणि ती उतरली. म्हातारीनं वरून फक्त मान हलवली.

केंद्रासमोर रांग होती. थोरली सरळ दाराशी गेली, तशी पुढचा एक चष्मेवाला माणूस आडवा आला. घाई सगळ्यांनाच असते बाई, तो म्हणाला, आम्ही काय हवा खायला उभे आहोत? तिला सांगायचं होतं, पण वाक्य जुळेना. कुठून सुरू करावं, गोळ्यापासून, कार्डापासून की पाटीपासून? तिनं दातांनी उजव्या हाताची गाठ सोडायला सुरुवात केली. ती घामानं भिजून आवळली होती.

"नवऱ्याचं आतडं अडकलंय," ती शेवटी म्हणाली. "कार्ड नाही म्हणून घेणार नाहीत."

चष्मेवाला बाजूला झाला. त्यानं तिची दुसऱ्या हाताची गाठ सोडून दिली.

केंद्रवालीनं तिला ओळखलं, हातातलं काम तसंच ठेवलं आणि मशीन पुढे सरकवलं. तिनं स्वतःच्या ओढणीच्या टोकानं तिचा उजवा अंगठा पुसला, त्यावर फुंकर मारली, मग ठेवला. लाल. पट्टी मागच्या वेळेपेक्षा पुढे गेली होती, पण पुरी भरली नव्हती. पुन्हा. लाल. तर्जनी, लाल. मधलं बोट, लाल. दाताळ्याचा दांडा जिथं जिथं घासतो तिथली कातडी इतक्या दिवसांत जाडच राहिली होती. उजवा हात संपला. पंख्याचा आवाज येत होता.

डावा अंगठा. लाल. तर्जनी. मधलं बोट. थोरलीला बोटं आपली वाटेनाशी झाली. कोणाची तरी उसनी आणलेली काठ्या-काटक्यांची जुडी असावी, तशी ती मशीनवर एकेक ठेवली जात होती.

"दाबू नका. नुसतं ठेवा. झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवतो तसं," केंद्रवाली म्हणाली.

डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तिनं ठेवलं. पट्टी चढली, थांबली, परत चढली. दिवा हिरवा झाला.

केंद्रवालीनं झरझर कळा दाबल्या. पडद्यावर तिघांची नावं आली, थोरलीचा जुना फोटो आला, अख्खा, दोन्ही कानांसह. यंत्रानं कागद हळूहळू बाहेर ढकलला. प्लास्टिकचं नंतर मिळेल, आता हाच चालतो, ती म्हणाली, आणि कागद ओला होऊ नये म्हणून तो पारदर्शक पाकिटात घालून दिला. थोरली पदर सोडून पैसे काढायला लागली, तर तिनं हात हलवून पुढच्याला बोलावलं.

बाहेर तो चष्मेवाला आपली जागा सोडून स्कूटर चालू करून उभा होता. बसा, तो म्हणाला. वाटेत तो एकदाच बोलला. घट्ट धरा म्हणाला. तिनं त्याचा सदरा मुठीत धरला, आणि मग आठवण होऊन डाव्या हाताचं ते एक बोट मोकळं ठेवलं.

*

इस्पितळाच्या पांढऱ्या फरशीवर म्हातारीच्या पावलांचे ठसे दारापासून बाकापर्यंत उमटले होते, वाळून पांढरे झालेले. झाडणारी बाई त्यांच्याकडे बघत फडकं घेऊन उभी होती. पैलवानाला आत घेतलं होतं, सुई लावली होती, पोटातलं पाणी काढायला नाकातून नळी घातली होती. पण ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं तर कार्ड, असं टेबलावरचा माणूस म्हातारीला दोनदा सांगून गेला होता. म्हातारीनं त्याला दोनदा उत्तर दिलं होतं की येतंय.

त्यानं कागद घेतला, ठिपक्यांच्या चौकोनावर लाल उजेड पाडला, पडद्याकडे पाहिलं. "ठीक आहे. आता रुग्णाचा अंगठा लागेल."

पैलवानाचे हात आज पहाटेपर्यंत मिठातच होते.

"त्यांचा येणार नाही," ती म्हणाली. "माझा घ्या. मी प्रमुख आहे."

टेबलावरच्या माणसानं कागदावर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. प्रमुखाचा चालतो, तो म्हणाला, आणि मशीन फिरवून तिच्याकडे केलं. हे मशीन वेगळं होतं, पांढरं. तिनं बोट पदराच्या कोरड्या टोकाला पुसलं आणि झोपलेल्या मुलाच्या अंगावर ठेवावं तसं ठेवलं. लाल. तिनं उचललं. म्हातारी बाकावरून उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास मानेला लागत होता. तिनं पुन्हा ठेवलं.

हिरवा.

पैलवानाला चाकांच्या खाटेवरून नेताना त्याचा चेहरा राखेसारखा होता. नळीमुळे त्याला धड बोलता येत नव्हतं. त्यानं भुवई उचलून विचारलं. थोरलीनं कागद दाखवला. सर्जन मागून हातमोजे चढवत आला आणि नेमकं केव्हा अडकलं ते विचारलं. उजाडल्यावर, तिसऱ्या पाटीला, थोरली म्हणाली. सर्जननं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "पाटी उचलली?" म्हणाला. "उचलून दिली," ती म्हणाली, आणि मग तिची मान खाली गेली. उशीर झालाय, सर्जन म्हणाला. आतडं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडावी लागतील, आणि मग काहीच सांगता येत नाही. दार बंद झालं.

दोघी बाकावर बसल्या. झाडणाऱ्या बाईनं त्यांच्या पावलांभोवतालची फरशी पुसली, पावलं तशीच ठेवून. खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला, बारीक आणि सलग. थोरलीनं एकदा तिकडे पाहिलं. म्हातारीनं पाहिलंच नाही. तिनं सुनेचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता आणि ती तो धरून बसली होती, बोटं उघडी ठेवून, काही सांडू नये असं.

दार उघडलं तेव्हा आधी नर्स बाहेर आली. तिच्या हातात टाचणाचा कागद होता आणि ती पुढच्या खोलीकडे निघाली होती. थोरली उठली. म्हातारीनं नर्सची वाट अडवली.

"डॉक्टर येऊन सांगतील," नर्स म्हणाली.

"ते येईपर्यंत तू सांग. तिथं लिहिलंय ते वाच. आम्हाला कळेल तसं वाच."

नर्सनं मागे बंद दाराकडे पाहिलं, मग टाचण वर धरलं आणि वाचलं.

"अडकलेलं आतडं, लांबी बारा सेंटिमीटर. बाहेर घेतलं तेव्हा रंग काळा-निळा, हालचाल नाही. कोमट सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, भिजवलेल्या फडक्यात ठेवलं. पाच मिनिटांनी फरक नाही. दहा मिनिटांनी कडा लालसर. चौदा मिनिटांनी पूर्ण लांबी गुलाबी, हालचाल सुरू. कापलं नाही."